इंकांचे दगड: घडवून बसवले की बसवून घडवले?

रानवाटा | शनिवार, रात्री ९:१२

मे महिन्यात पेरूला जाऊन आले. बारा दिवसांतले पाच दिवस इंका राजांच्या जुन्या राजधानीत, कुस्कोतच राहिलो. शहर ३४०० मीटर उंचीवर आहे, अंगाला सवय होईपर्यंत धावपळ करू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे लोक जेवढा वेळ माचू पिचूला देतात तेवढा मी कुस्कोच्या गल्ल्यांना दिला. येऊन महिना होत आला तरी त्या गल्ल्यांमधल्या भिंती डोळ्यांपुढून हलत नाहीत.

हातुन रुमियोक नावाची एक अरुंद गल्ली आहे. एका बाजूला इंका रोका या राजाच्या वाड्याची जुनी भिंत, हिरवट झाक असलेल्या दगडाची. त्या भिंतीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. त्याच्यासमोर फोटोसाठी रांग लागते. मी मात्र त्याच्या शेजाऱ्यांकडे बघत बसले. एक दगड बारा कोनांचा घडवला, हे एक वेळ समजतं. पण त्याला लागून बसलेल्या प्रत्येक दगडाने आपली कड त्याच्या कडेला जुळवून घेतली आहे, आणि त्या शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांनीही. मध्ये चुना नाही, माती नाही. दगडाचं पोट किंचित फुगीर आणि सांधा आत गेलेला, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक सांध्यात सावलीची बारीक रेघ उमटते.

गाईडला विचारलं, आधी दगड पूर्ण घडवायचे आणि मग रचायचे, की रचता रचता घडवायचे? तो म्हणाला, ‘कोणालाच माहीत नाही मॅडम, हेच तर इंकांचं गूढ.’ मला हे उत्तर आवडलं नाही. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी हाताने केलेलं काम आहे, ज्याने केलं त्याला ते माहीतच होतं. मग आपल्याला निदान अंदाज तरी बांधता यायला हवा.

इथे दगडाचं, लाकडाचं, बांधकामाचं काम केलेली मंडळी आहेत. दोन ओबडधोबड दगड इतके घट्ट कसे बसवाल, ते सांगा.

मीठभाकर | शनिवार, रात्री ९:३१

रुमाल टाकून ठेवतो, सावकाश वाचणार. तोवर अत्यंत महत्त्वाचा प्रश्न: पेरूत पेरू खाल्लात का?

रानवाटा | शनिवार, रात्री ९:४०

@मीठभाकर, खाल्ला की! तिकडे ग्वायाबा म्हणतात. मी तिखटमीठ लावायला लागले तर फळवाली बघतच राहिली. आणि ती मिरची मुळात तिच्याच खंडातून आपल्याकडे आलेली!

गूढप्रेमी | शनिवार, रात्री १०:०५

छान विषय. पण ताई, ‘हाताने केलेलं काम’ हे तुम्ही गृहीत धरताय. कुस्कोच्या वरच्या साक्सायवामान या तटबंदीचे दगड बघितलेत ना? शंभर टनांच्या वरचे दगड आहेत तिथे. इंकांकडे लोखंड नव्हतं, चाक नव्हतं, ओझ्याचे प्राणी म्हणजे लामा, जो पंचवीस-तीस किलोच्या वर उचलत नाही. मी परग्रहवासी वगैरे म्हणत नाही. पण दगड मऊ करणारी एखादी वनस्पती त्यांना माहीत असावी, अशी तिथल्या लोकांतच दंतकथा आहे. सांधे बघितले की लोण्यासारखे दाबून बसवल्यागत वाटतात.

कुतूहल_७ | शनिवार, रात्री १०:११

वाचतेय. फोटो दिसत नाहीत, फक्त मलाच का?

बखर | शनिवार, रात्री ११:४८

फोटो मलाही दिसत नाहीत.

@गूढप्रेमी, दगड मऊ केला असता तर त्यावर घावांचे वण राहिले नसते. इथे तेच तर भरपूर आहेत. इंका भिंतीचा दगड जवळून पाहिला की पृष्ठभागभर देवीच्या वणांसारखे बारीक खळगे दिसतात. दगडाच्या मध्यावर ते मोठे असतात, कडेकडे येताना बारीक होत जातात. म्हणजे मधला भाग मोठ्या गोट्याने ठोकला आणि कड सांभाळायला लहान गोटा घेतला.

बर्कली विद्यापीठातले वास्तुकलेचे प्राध्यापक जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी १९८०च्या दशकात हे स्वतः करून पाहिलं. ते आधी इंकांच्या खाणींत गेले, कुस्कोजवळची रुमिकोल्का आणि ओयांतायतांबो या इंकांच्या गावासमोरच्या डोंगरावरची काचिकाता. तिथे अर्धवट घडवलेले दगड पडले होते आणि त्यांच्यात दुसऱ्याच जातीच्या दगडांचे गोल गोटे, नदीतून आणलेले. काही मुठीएवढे, काही सात-आठ किलोंचे. हीच हत्यारं. प्रोत्सेननी सुमारे ४ किलोचा गोटा घेऊन अँडेसाइट या ज्वालामुखी दगडाचा साधारण २५ सेंटिमीटरचा ठोकळा ठोकायला घेतला. तीन बाजू आणि पाच कडा दीड तासात झाल्या. दीड तास, ताई! आणि ते हाताने दगड घडवणारे कारागीर नव्हते, प्राध्यापक होते.

दगड वाहण्याबद्दल म्हणाल तर काचिकाताहून ओयांतायतांबोपर्यंतच्या वाटेवर कित्येक प्रचंड शिळा वाटेतच राहिल्या आहेत. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. त्यांच्या तळाला ओढल्याचे ओरखडे आहेत. परग्रहावरून आलेल्याने शिळा अर्ध्या वाटेत टाकून दिल्या नसत्या.

राहिली माणसं. सिएसा दे लेओन हा स्पॅनिश सैनिक-बखरकार, स्पॅनिशांनी इंकांचं राज्य जिंकल्यावर थोड्याच वर्षांत कुस्कोत आला, ज्यांना जुनं आठवत होतं त्यांच्याशी बोलला. त्याने साक्सायवामानचा हिशोब दिला आहे: वीस हजार माणसं, त्यातली चार हजार खाणीत, सहा हजार दोरखंडांनी ओढायला, बाकीची पाया खणायला आणि वासे तोडायला. ठरावीक काळाने माणसं बदलायची. या श्रमाच्या पाळीला मिता म्हणत. आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण काम कसं वाटलेलं होतं ते त्यातून स्वच्छ दिसतं. ‘गूढ’ म्हटलं की ही वीस हजार माणसं पुसली जातात. माझा आक्षेप तेवढ्याचसाठी.

गूढप्रेमी | रविवार, सकाळी ७:५५

घावांच्या वणांचं माहीत नव्हतं. वनस्पतीचा मुद्दा मागे घेतो. पण ताईंचा मूळ प्रश्न उरतोच. दगड ठोकून गुळगुळीत करणं वेगळं आणि दोन वाकड्या पृष्ठभागांचं जुळणं वेगळं.

घडीव_चिरा | रविवार, सकाळी १०:२०

मी पाथरवटाच्या घरातला. आज्याने घाटाच्या पायऱ्या, देवळाचे खांब, जाती, पाटे-वरवंटे सगळं केलं. मी नोकरीला लागलो, पण सुट्टीत त्याच्या हाताखाली बसलोय. त्या आधारावर लिहितो, चूकभूल द्यावी घ्यावी.

पहिली गोष्ट, दगडाला नस असते. आजा आधी दगडावर हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर आत तडा. गोट्याने ठोकणारा माणूसही हेच ऐकत असणार. आपल्याकडे छिन्नीने कपची उडवतात, गोट्याने मात्र दगडाचा भुगा करत करत जावं लागतं. वेळ जास्त, पण धोका कमी. कपची चुकीची उडाली तर दगड वाया गेला, भुगा कधी चुकीचा पडत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण या दगडांना देवपण गोट्याच्या माराने आलेलं आहे.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ताई, तुम्ही भिंतीचा चेहरा बघितला. पाठ बघितलीत का? आमच्याकडे चांगल्या बांधकामातसुद्धा दगडाचा दर्शनी भाग आणि बैठक घडीव, मागचा भाग तसाच, त्याला शेपूट म्हणतात आमच्यात. दोन दगडांचा उभा सांधा पुढून चार बोटं घट्ट असला की पुरतो, मागे चिपा आणि माती भरून घ्यायची. आडवा सांधा मात्र पूर्ण खोलीभर टेकला पाहिजे, कारण वजन त्याच्यावर येतं. त्यांनीही असंच केलं असेल तर काम निम्म्याने कमी झालं.

बखर | रविवार, सकाळी १०:४४

@घडीव_चिरा, साष्टांग नमस्कार. अगदी हेच निरीक्षण प्रोत्सेननी नोंदवलंय! ढासळलेल्या भिंती तपासल्यावर दिसलं की आडवे सांधे आतपर्यंत जुळतात आणि उभे सांधे अनेक ठिकाणी दर्शनी काही सेंटिमीटरच. तुमच्या आज्याने आणि कुस्कोच्या गवंड्याने एकाच अडचणीला एकच उत्तर काढलं.

प्रोत्सेननी आणखी एक सांगितलं. खालच्या थराच्या माथ्यावर वरच्या दगडाच्या तळाचा आकार खोदून घ्यायचे. म्हणजे नवा दगड तळाच्या बाजूने आधी तयार, आणि बसलेल्या थराला त्याच्यासाठी खाच.

फिटर_उद्यमनगर | रविवार, दुपारी १:०२

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. धागा वाचून राहवलं नाही.

मशीनचा बेड सपाट करताना आम्ही काय करतो? सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट पाट्याला, निळा रंग एकदम पातळ लावायचा, ती बेडवर फिरवायची. जिथे उंचवटा तिथे निळा डाग. तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. सुरुवातीला दोन-तीन डाग पडतात, शेवटी सगळ्या पृष्ठभागावर दाट ठिपके. मग समजायचं की जुळलं. याला आम्ही ब्लू मॅचिंग म्हणतो. यात मोजमापाची गरजच पडत नाही. मोजपट्टीने जे कधी जमणार नाही ते हाताने आणि डोळ्याने जमतं.

दगडाचंही तसंच. वरचा दगड टेकवा, उचला, जिथे लागला तिथे खूण, तिथे ठोका. दोन्ही पृष्ठभाग वाकडे असले तरी बिघडत नाही, एकमेकांना जुळल्याशी मतलब. रंगाच्या जागी त्यांनी काय वापरलं असेल? काव, गेरू?

बखर | रविवार, दुपारी १:३०

रंगाची गरज नव्हती! ठोकल्यावर दगडाची भुकटी तिथेच पडते. वरचा दगड टेकवून उचलला की जिथे टेकला तिथली भुकटी दाबली जाते, बाकीची मोकळी राहते. प्रोत्सेन यांना प्रयोगात तेच दिसलं. दगड स्वतःच सांगतो कुठे ठोकायचं ते.

फिटर_उद्यमनगर | रविवार, दुपारी १:३४

वा! हेच, हेच ब्लू मॅचिंग. रंगाचा खर्च वाचवला गड्यांनी.

लिमाकर | रविवार, दुपारी ३:१५

नोकरीनिमित्त तीन वर्षं लिमात आहे, कुस्कोला चार वेळा गेलो. वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक ठिकाणी अडतो. टेकवा-उचला पद्धत कुस्को शहरातल्या दगडांना ठीक. साक्सायवामानच्या तीन थरांच्या नागमोडी तटाचं काय? ऐंशी-शंभर टनांची शिळा वीस वेळा उचलून टेकवणार कशी? तिथला सगळ्यात लांब तट सुमारे ४०० मीटर आहे. एकदा चालून पाहा, उत्तर इतकं सोपं वाटणार नाही.

व्हिन्सेंट ली या अमेरिकी वास्तुरचनाकाराने यावर वेगळा अंदाज मांडला आहे. ओंडक्यांची घरं बांधणारे सुतार वरच्या ओंडक्याला खालच्याचा आकार देण्यासाठी कंपाससारखं हत्यार वापरतात. एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरवायचं, दुसरं टोक वरच्यावर तीच रेघ उमटवतं. ली म्हणतात की मोठी शिळा लाकडी टेकूंवर जागेच्या वर तोलून धरायची आणि ओळंबा बांधलेल्या काठीने तिच्या कडेचा आकार खालच्या दगडांवर उतरवायचा. सगळं खोदून झालं की टेकू काढत शिळा एकदाच खाली. काही शिळांच्या खालच्या बाजूला खाचा आहेत त्या टेकूंसाठी असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटतं.

घडीव_चिरा | रविवार, दुपारी ४:०८

@लिमाकर, ओळंब्याची कल्पना चांगली, पण शंभर टन लाकडी टेकूवर तोलून त्याच्याखाली माणूस बसवायचा? माझं मन धजत नाही. माझ्या मते मोठा दगड एकदाच आणून जागेवर ठेवला आणि त्याच्या शेजारचे लहान दगड त्याला जुळवत नेले. मोठा हलवायचाच नाही, लहानांनी जुळवून घ्यायचं.

मीठभाकर | रविवार, दुपारी ४:१५

आमच्या एकत्र कुटुंबाची रचना तुम्ही इतक्या थोडक्यात मांडाल असं वाटलं नव्हतं.

लिमाकर | रविवार, दुपारी ४:४०

:) काका, मोठ्याच्या शेजारी लहान असता तर प्रश्न नव्हता. तिथे मोठ्याला लागून मोठाच आहे आणि खालच्या थरात तर सगळे थोरलेच. बहुधा दोन्ही पद्धती वापरल्या असतील, दगडाच्या वजनाप्रमाणे. या मुद्द्यावर अभ्यासकांतही एकमत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करतो. इंकांची प्रत्येक भिंत अशी नव्हती. साधी घरं, कोठारं, शेताचे बांध हे गोळा केलेल्या दगडांचे आणि मातीत रचलेले. माचू पिचूतही बरीच घरं तशीच आहेत. हे बारीक काम देवळांना, राजवाड्यांना. भिंत बघून घराचा मान कळायचा.

माळवद | रविवार, रात्री ८:५०

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

माझं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. आमची घरं दगडाचीच होती, दोन-अडीच फूट जाड भिंती. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर, दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकून जाड होत गेलेला. आजी म्हणायची, या भिंती शंभर वर्षं हलायच्या नाहीत. आजी त्याच भिंतीखाली गेली.

रानवाटा ताईंच्या पोस्टमध्ये ‘चुना नाही, माती नाही’ वाचलं आणि मनात आलं की तिथे तर भूकंप सारखे होतात. मग ती भिंत उभी कशी? आमचीही दगडाचीच होती.

रानवाटा | रविवार, रात्री ९:२०

@माळवद, तुम्ही लिहिलंत, आभार. काय बोलावं सुचत नाही.

कुस्कोत २१ मे १९५०ला मोठा भूकंप झाला होता. कोरिकांचा हे सूर्याचं मंदिर, ज्याच्या भिंती सोन्याच्या पत्र्यांनी मढवलेल्या होत्या. ते पत्रे स्पॅनिशांनी उपटून वितळवले आणि वर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५०च्या धक्क्यात मठाचा मोठा भाग कोसळला आणि आतून इंकांच्या भिंती बाहेर आल्या, जागच्या जागी. आज मठाच्या अंगणात उभं राहिलं की दोन्ही बांधकामं एकमेकांवर दिसतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोणी जाणकाराने द्यावं.

पायाभरणी | रविवार, रात्री १०:३५

स्थापत्य अभियंता आहे, किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीचे अहवाल शिकताना वाचले होते, म्हणून @माळवद यांना उत्तर देतो.

तुमच्या भागातली जाड भिंत दिसायला एक, पण प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असत. बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये दगडगोटे-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड फारसा घालत नसत. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटून फुगतात आणि ढासळतात. वरून माळवदाचं टनावारी वजन. आजीचं म्हणणं रोजच्या वजनापुरतं खरंच होतं. उभं वजन त्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या पेललं. आडव्या धक्क्याची गोष्ट वेगळी आणि त्या भागात तसा धक्का कोणाच्या आठवणीत नव्हता. अँडीजमध्ये तो दर पिढीच्या आठवणीत होता.

म्हणून त्यांनी काय केलं पाहा. भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या, वर निमुळत्या. दारं, खिडक्या, कोनाडे सगळे खाली रुंद आणि वर अरुंद. सांधे एका रेषेत नाहीत, त्यामुळे तडा सरळ धावत नाही. दगडांची कोनाकोनांत गुंतवण. हादऱ्यात दगड किंचित हलतात, एकमेकांवर घासून जोर जिरवतात आणि परत बसतात. आणि छप्पर गवताचं! पडलं तरी माणूस मरत नाही.

माचू पिचूबद्दलही थोडं. केनेथ राइट या जलअभियंत्याने तिथे वर्षानुवर्षं मोजमापं केली. त्यांच्या अंदाजाने तिथल्या बांधकामाचा सुमारे ६० टक्के भाग जमिनीखाली आहे, पाया आणि पाण्याचा निचरा. वर्षाला जवळजवळ १९०० मिलिमीटर पाऊस, तोही उतारावर. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत वर माती, मग वाळू-खडी, तळाला मोठे दगड. झऱ्याचं पाणी ७४९ मीटर लांबीच्या पाटातून आणून १६ कारंज्यांतून एकाखाली एक सोडलंय. आपण वर बघून फोटो काढतो, खरं काम पायाखाली आहे.

माळवद | रविवार, रात्री ११:०२

समजलं. आजीच्या बोलण्याबद्दल लिहिलंत ते विशेष. आईला वाचून दाखवतो.

अश्वत्थ_२१ | सोमवार, सकाळी ९:१०

इंका राहू द्या, मेक्सिकोकडच्या माया संस्कृतीबद्दल कोणीच बोलत नाही. माया म्हणजे आपला मयासुर, दानवांचा स्थपती. नावातच पुरावा आहे. चिचेन इत्साच्या पिरॅमिडला चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५. हे ज्ञान कुठून आलं?

बखर | सोमवार, सकाळी ९:५२

अवांतर होतंय, पण उत्तर देणं भाग आहे.

ते लोक स्वतःला सरसकट ‘माया’ म्हणवत नव्हते. किचे, काक्चिकेल, युकातेक अशी त्यांची वेगवेगळी नावं आणि भाषा. युकातानमध्ये मायापान नावाचं शहर होतं, त्या भागाशी जोडलेलं नाव पुढे सगळ्यांना चिकटलं. आणि हे लोक संपलेले नाहीत, लाखो माणसं आजही त्या भाषा बोलतात. त्यांना विचारलंत तर ३६५चं ज्ञान कुठून आलं हे ते सांगतील: पूर्वजांनी आकाश बघून. सूर्य सगळ्यांनाच दिसतो.

त्यांची लिपी वाचायची वाट युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२मध्ये दाखवली. त्यातून एक सुंदर गोष्ट कळली, जी या धाग्याच्या मूळ विषयाला लागून आहे. माया शिल्पकारांनी काही शिळांवर स्वतःच्या सह्या कोरल्या आहेत, एकाच शिळेवर अनेकांच्या. इंकांकडे अशी लिपी नव्हती, गाठींच्या दोऱ्यांचे कीपू होते. म्हणून हातुन रुमियोकच्या गवंड्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. ज्यांची नावं कोरलेली आहेत त्यांच्या जागी तरी मयासुर बसवू नका.

कुतूहल_७ | सोमवार, सकाळी १०:३०

@बखर +१. मायांचा निळा रंग मला फार आवडतो. आपल्या नीळेच्याच जातीतल्या झुडपाची नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून करायचे. नुसती नीळ उन्हात उडते, मातीच्या कणांत अडकली की शतकानुशतकं टिकते. बोनाम्पाक या माया शहरातल्या इ.स. ७९०च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत अजून दिसते.

आडवा_धागा | सोमवार, दुपारी १२:१५

दगडावर तीन दिवस चर्चा चाललीय आणि कापडाचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते. मी विणकाम शिकवते.

इंकांच्या लेखी सगळ्यात मौल्यवान वस्तू सोनं नव्हती, कापड होतं. राजा सरदाराला मान द्यायचा तो कापड देऊन. सैन्य पुढे आलं तर मागे हटताना कोठारातली कापडं जाळून टाकत, शत्रूला मिळू नयेत म्हणून. सगळ्यात तलम कापडाला कुंबी म्हणत, अल्पाका आणि व्हिकुन्या या लामाच्या जातीतल्या प्राण्यांच्या लोकरीचं. ते विणायला निवडलेल्या स्त्रिया वेगळ्या ठेवलेल्या असत आणि कुंबी विणणारे पुरुष कारागीरही होते.

आता गंमत पाहा. कुंबी दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, उलट-सुलट नाही. रंगाचा आडवा धागा त्याच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. पैठणीचा पदर ज्यांनी विणताना पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल, तीच तंत्राची जात! दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण हद्दीवर दोन रंगांनी एकमेकांत अडकणं आणि कुस्कोच्या भिंतीत दोन दगडांनी एकमेकांत बसणं, हे एकाच समाजाच्या डोळ्याने केलेलं काम आहे असं मला वाटतं. जे लोक कापडात असा सांधा रोज बघत होते, त्यांना दगडात तो सुचणं स्वाभाविक.

दोरखंडांचंही तेच. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाकाचा पूल आजही गवताच्या दोरांनी दर जूनमध्ये नव्याने बांधतात. आजूबाजूची गावं मिळून. तंतूवर इतका हात बसलेला समाज शंभर टन ओढणारा दोर वळू शकतो.

रानवाटा | सोमवार, दुपारी १:०५

@आडवा_धागा, लिमाच्या संग्रहालयात कापडांच्या दालनातून मी दहा मिनिटांत बाहेर पडले, याची आता फार हळहळ वाटतेय.

पायाभरणी | सोमवार, दुपारी १:२२

कापडातून दगड सुचला, हे सिद्ध करणं कठीण आहे. दगडाची गुंतवण भूकंपाच्या अनुभवातून आली असणं मला जास्त शक्य वाटतं.

आडवा_धागा | सोमवार, दुपारी १:४०

सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण भूकंप तर जगात अनेक ठिकाणी होतात. सगळ्यांनी बारा कोनांचा दगड नाही घडवला.

गूढप्रेमी | सोमवार, रात्री ९:००

या धाग्याने माझं मत बदललं. एकच विनंती, कोणीतरी करून बघा ना. इतके कारागीर आहेत इथे.

घडीव_चिरा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

करून बघितलं.

पुतण्याला घेऊन नदीवर गेलो, गोल गोटे निवडले. आपल्या काळ्या दगडाच्याच गोट्याने काळा दगड ठोकला तर पहिला गोटा दहाव्या मिनिटाला फुटला. मग गारगोटीचे गोटे आणले, ते टिकले. पहिला तास चुकीच्या पद्धतीत गेला, कारण मी हातोडीसारखं घट्ट धरून मारत होतो. मनगटाला झिणझिण्या आल्या. मग ध्यानात आलं की गोटा सैल धरायचा, वजनाने पडू द्यायचा, उसळी मारून वर आला की झेलायचा. तिरका पडला तर भुगा जास्त निघतो. हे जमल्यावर लय लागली. आमचा काळा दगड चिवट, दीड तासात एकच बाजू झाली. प्रोत्सेन साहेबांच्या तीन झाल्या होत्या.

मग सांधा. खालचा दगड अंगणात पुरला, त्याचा माथा मुद्दाम वाकडा ठेवला. वरचा दगड साधारण चाळीस किलोचा, दोघांनी उचलून टेकवायचा. पहिल्यांदा तीनच ठिकाणी टेकला. उचलून बघितलं तर @बखर यांनी सांगितलं तसंच! टेकला होता तिथली करडी भुकटी दाबून घट्ट, चकचकीत झालेली, बाकी मोकळी. फुंकर मारली की मोकळी उडते आणि जागा दिसते. तेवढंच ठोकायचं. अकरा वेळा टेकवला, उचलला. सातव्यानंतर पुतण्याने गोटा माझ्या हातातून घेतला आणि परत दिलाच नाही.

संध्याकाळपर्यंत दर्शनी कडेचा वीतभर सांधा असा बसला की पोस्टकार्ड जात नाही. मागे अजून बोट जातं.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर: निम्मा घडवून आणायचा, निम्मा जागेवर घडवायचा. आणि कड आत का गेलेली दिसते तेही कळलं. कड फुटू नये म्हणून लहान गोट्याने तिरकं ठोकावं लागतं, त्याने कड आपोआप आत ढळते. ती सावलीची रेघ कोणी काढलेली नाही, ती कामातूनच पडली.

फिटर_उद्यमनगर | रविवार, संध्याकाळी ६:४१

अकराव्याला जुळलं म्हणजे हात तयार आहे. आमच्याकडे शिकाऊ पोराला वीस लागतात.

लिमाकर | रविवार, संध्याकाळी ७:१०

काका, दंडवत. चाळीस किलोला अकरा वेळा. शंभर टनांसाठी माझा टेकू आणि ओळंबा अजून शाबूत आहे हं.

घडीव_चिरा | रविवार, संध्याकाळी ७:२५

आहेच. आज्याचा पितळी ओळंबा माळ्यावर सापडला, पुढच्या सुट्टीत तुमच्या पद्धतीने बघतो. तिसरा दगड दोघांच्या मध्ये बसवायचाय.

रानवाटा | रविवार, संध्याकाळी ७:४८

मी तीनदा वाचलं. ती रेघ मी सकाळभर बघत बसले होते आणि मला वाटलं होतं की ती शोभेसाठी आहे. काका, फोटो टाकाल का?

घडीव_चिरा | रविवार, रात्री ८:०५

आत्ता पाऊस सुरू झालाय, दगड तसाच बाहेर ठेवलाय. भुकटी धुऊन जाऊ दे, मग सांधा खरा दिसेल. सकाळी ऊन तिरपं असताना काढतो.